बोळातून की हमरस्त्यानं

ज्या सोमवारी हे झालं त्या सोमवारी मी फार खुशीत होते. हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर मला जो तो विचारत होता, 'तुझं लक्ष कुठं होतं गं?' माझं लक्ष माझ्याकडे होतं.

शनिवारी तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात मी माईक हातात घेऊन अकरा मिनिटं बोलले होते. सातवीपर्यंत हजेरीला 'हजर' म्हणतानाही जिचा आवाज फुटत नव्हता, ती मी, शिवन्या निकम, इयत्ता नववी. विषय होता 'स्थिरनाणी आणि त्यांची जाळी'. परीक्षकांनी एक प्रश्न विचारला तर मी तीन उत्तरं दिली. आई म्हणाली, "आता घरात जरा कमी बोल, तिकडं बोललीस तेवढं बास."

आमचं नागझरवाडी विट्याजवळ आहे. इथली निम्मी घरं गलाईवर चालतात. सराफाकडचं मोडीचं सोनं आणायचं, मुशीत वितळवायचं, तेजाबानं त्यातली भेसळ काढायची आणि शुद्ध लगड परत द्यायची, ही गलाई. या कामासाठी आमची माणसं त्रिचूरपासून मोंबासापर्यंत पसरली आहेत. माझे पप्पा त्रिचूरला असतात. माझ्या लहानपणी ते बँकेतून पैसे पाठवायचे. आता २०३९ साली सगळे कण पाठवतात.

कण म्हणजे एक मिलिग्रॅम शंभर नंबरी सोनं. खरं सोनं तिजोरीत बंद असतं, आणि त्याच्या प्रत्येक मिलिग्रॅममागे संगणकावर एक नाणं असतं. रुपया घसरो की शिलिंग चढो, कण सोन्याला धरून राहतो, म्हणून त्याला स्थिरनाणं म्हणतात. आयुष्यभर काट्यावर सोनं जोखणाऱ्यांना हे समजावून सांगायला मला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

अडतं ते जाळं निवडताना. कण तोच, पण तो पाठवायला वेगवेगळी जाळी आहेत. जाळं म्हणजे एक वही, पण ती एकाच वेळी हजारो संगणकांवर लिहिली जाते. प्रत्येक पानावर आधीच्या पानाचा ठसा असतो. मागचं एक अक्षर खोडलं तरी पुढचे सगळे ठसे चुकतात आणि चोरी उघडी पडते. म्हणून त्या वहीतलं काहीच कधी पुसता येत नाही.

आमच्या गावात दोन जाळी चालतात. अॅपवर त्यांची लांबलचक इंग्रजी नावं आहेत, पण गावानं त्यांना हमरस्ता आणि बोळ करून टाकलंय. हमरस्त्यावर सगळं उघडं. कुठल्या पत्त्यावरून कुठल्या पत्त्यावर किती कण गेले ते जगात कुणीही बघू शकतं. पत्ता म्हणजे बेचाळीस अक्षरांची एक ओळ, तिच्यावर माणसाचं नाव नसतं. उघडं असल्यामुळे तपासणं सोपं, म्हणून खर्च पाच पैसे आणि वेळ दोन सेकंद. बोळात सगळं झाकलेलं. तिथं रक्कम न दाखवता ती खरी आहे हे गणितानं सिद्ध करावं लागतं. संगणकांना त्यासाठी राबावं लागतं, म्हणून सत्तर रुपये आणि दोन तास. तुमचा पत्ता मात्र दोन्हीकडे तोच. एकाच घराला दोन दारं असावीत तसं.

परीक्षकांना मी हे सगळं सांगितलं होतं. म्हणजे मला ते माहीत होतं.

माघातल्या भैरोबाच्या जत्रेची वर्गणी हमरस्त्यावरूनच द्यायची, असा आमच्या गलाई मंडळाचा नियम आहे. पूर्वी वर्गणीवरून भांडणं व्हायची. कुणी म्हणे मी दिली, खजिनदार म्हणे मिळाली नाही. मग मंडळानं देवळाच्या सभामंडपात एक मोठा पडदा लावला, त्यालाच आम्ही फलक म्हणतो. कण आला की देणाऱ्याचं नाव उजळतं. नावावर बोट ठेवलं की पत्ता आणि त्याच्या हमरस्त्यावरच्या सगळ्या नोंदी उघडतात, म्हणजे कुणाला शंका राहायला नको. यंदा मीच आळीतल्या बायकांच्या मागे लागले, की नवऱ्याच्या नावाखाली कशाला, तुमच्या स्वतःच्या नावानं द्या. एकोणीस जणींनी दिली. फलकावर पहिल्यांदाच बायकांची नावं आली आणि मी त्याखाली उभी राहून फोटो काढून घेतला.

त्या एकोणीस जणींत छायाकाकी देवकर होत्या.

सोमवारी शाळेतून आले तर काकी आमच्या ओट्यावर बसलेल्या. त्यांचं घर आमच्या समोरच. काकींचे मालक, हणमंतआबा, कोईमतूरला तीस वर्षं दुकान चालवून दोन वर्षांपूर्वी कायमचे घरी आले. दुकान आता पुतण्याकडे आहे.

"नंदूचं दुकान बंद आहे," काकी म्हणाल्या. "बहिणीकडं गेलाय म्हणं. माझे एवढे हजार कण पाठवून देतीस का?"

नंदूकाका कोष्टींचं मोबाइलचं दुकान चौकात आहे. काकींचं पाठवापाठवीचं काम दोन वर्षं तेच करायचे.

"कुणाला पाठवायचेत?"

"बहिणीला माझ्या. पत्ता आहे त्यात." त्यांनी फोन माझ्या हातात दिला. "नंदू बोळातनं पाठवतो. तू पण बोळातनंच पाठव."

मी हसले. "काकी, बोळाला सत्तर रुपये पडतात. हमरस्त्याला पाच पैसे. नंदूकाका तुम्हाला चक्क बुडवतात."

"बुडवू दे. तू बोळातनं पाठव."

"पण बहिणीलाच पाठवताय ना? मग लपवायचं काय त्यात?"

काकींनी पदर नीट केला आणि म्हणाल्या, "माहेरी पाठवलेलं आबांना आवडत नाही. पाठव की गं, किती चौकशा करतीस."

काकींना एवढं सोपं गणित कळत नाही, असं मला वाटलं. मला कळतं, आणि तरी मला गप्प बसवतात, याचा रागही आला. मी त्यांचा अंगठा घेतला आणि हमरस्त्यानं पाठवून दिलं. वर्षाच्या शेवटी सांगणार होते, काकी, तुमचे एवढे एवढे रुपये वाचवले. त्यांचं तोंड कसं होईल तेही मी मनात बघून घेतलं होतं.

दोन सेकंदांत हिरवी खूण आली.

"बोळातनं गेलं ना?" काकींनी विचारलं.

"हो काकी."

एवढंच बोलले. अकरा मिनिटं बोललेलं आता मला एक अक्षर आठवत नाही, हे दोन शब्द मात्र जात नाहीत.

गुरुवारी शाळेतून येताना सभामंडपात वीसेक माणसं फलकासमोर उभी दिसली. मंडळाचे बाळू बाबर बोट नाचवून काहीतरी दाखवत होते. कोण वर्गणीचं राहिलंय ते बघायला ते रोज संध्याकाळी येतात. त्यांनी छायाकाकींच्या नावावर बोट ठेवलं होतं. वर्गणीच्या खाली सोमवारची नोंद होती: हजार कण, हमरस्ता. ज्या पत्त्यावर ते गेले होते, त्या पत्त्यावर दर शनिवारी मोंबासाच्या एका रिफायनरीचा पगार जमा होत होता. ती रिफायनरी शेजारच्याच गावच्या माणसाची आहे आणि तिथं सगळ्या कामगारांचा पगार हमरस्त्यानंच होतो.

"छायावहिनींचं आफ्रिकेत कोण सोनं गाळतंय?" बाबर म्हणाले, आणि माणसं हसली.

मग कुणीतरी हळूच म्हणालं, "प्रशांत असंल."

हसणं थांबलं.

प्रशांत म्हणजे काकींचा मुलगा. तीन वर्षांपूर्वी कोईमतूरच्या दुकानात बेचाळीस ग्रॅम सोनं कमी भरलं होतं. दुकानात तिघं कामाला होते. गलाईत काट्याला तूट आली तर ज्याच्या हातात मूस होती त्याचं नाव येतं, आणि त्या दिवशी मूस प्रशांतदादाच्या हातात होती. आबांनी जत्रेच्या बैठकीत सगळ्यांसमोर सांगितलं, तो माझा कुणी नाही, त्याला कुणी काम देऊ नका. आमच्यात असा शब्द गेला की तो देशभर जातो. त्रिचूर असो नाहीतर काठमांडू, प्रत्येक दुकानात कुणीतरी आपलं असतंच. प्रशांतदादाला कुणी काम दिलं नाही. मग तो कुठं गेला ते कुणाला कळलं नाही.

आता कळलं. तो पत्ता तिथं दीड वर्ष उघड्यावरच होता, फक्त त्याला नाव नव्हतं. ते मी चिकटवलं.

बाबरांनी तिथूनच मोंबासाला फोन लावला. दादा तिकडं प्रकाश नावानं काम करत होता. शनिवारी त्याला काढून टाकलं. रविवारी त्याचा फोन बंद झाला.

हे मला आईनं भाकरी थापता थापता सांगितलं. आणखी एक गोष्ट सांगितली, काकींनी फक्त तिलाच सांगितलेली. तेजाबाच्या धुरानं दादाची छाती धरली होती. काकींचे हजार कण दर महिन्याला त्याच्या औषधाला जात होते.

"काकींच्या नावावर बोट ठेवून बघा, असं नंदूनंच बाबरांना सांगितलं असणार," आई म्हणाली. "त्याच्याशिवाय कुणाला माहीत होतं? काकींनी किती भरवसा ठेवला त्याच्यावर."

तव्यावरची भाकरी फुगली होती. मी ती उतरवून टोपलीत ठेवली.

आठवडाभर नंदूकाकांच्या दुकानात कुणी गेलं नाही. काकी एकदा चौकातून चालल्या होत्या, नंदूकाकांनी हाक मारली तर मान फिरवून गेल्या; माझ्या 'हो'वर त्यांचा अजून भरवसा होता. माझ्या वर्गातल्या पोरींनीही चार्जर घ्यायला विट्याचा रस्ता धरला. मला वाटायचं, नंदूकाका गावाला सांगतील की मी नाही, आणि मग सुटेल सगळं. ते सांगत का नाहीत याचा मला चक्क रागच यायचा.

शेवटी मीच गेले. मोबाइलचं कव्हर घ्यायचं निमित्त केलं. काका स्टुलावर बसून जुन्या फोनची काच सोलत होते.

"ये," ते म्हणाले. "बोहनी तुझ्याच हातची होणार आज."

"काका, तुम्ही सांगत का नाही? की तुमच्याकडनं गेलं नाही म्हणून?"

त्यांनी काच बाजूला ठेवली. "काय सांगू? दोन वर्षं पोराला पैसे मी पाठवत होतो, हे आधी कबूल करावं लागंल. म्हणजे वहिनी दोन वर्षं आबांशी खोटं बोलत होत्या, हे मी चौकात सांगायचं. ते त्यांचं आहे, माझं नाही."

मी कव्हरं चाळायला लागले. सगळी एकसारखीच दिसत होती.

"आणि एक बघ," काका म्हणाले, "फलकावर जाळ्याचं नाव पण येतं. बाबराला त्यातलं कळत नाही. मला कळतं. मी एकदा सुद्धा हमरस्त्यानं पाठवलं नाही. त्या सोमवारी मी बहिणीकडं इचलकरंजीला होतो."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं.

"कुठलं कव्हर पाहिजे?" त्यांनी विचारलं.

मी कव्हर न घेताच बाहेर आले आणि तशीच काकींच्या घरी गेले. काकी परसात शेंगा फोडत बसल्या होत्या. मी उभ्यानंच सांगितलं. काय काय बोलले कोण जाणे, पण सत्तर रुपयांचा हिशेब पण सांगितला, मूर्खासारखा.

काकींचे हात थांबले नाहीत. "मी तुला विचारलं होतं," त्या म्हणाल्या.

"हो."

"बोळातनं गेलं का म्हणून."

"हो काकी."

"आणि तू हो म्हणालीस."

त्यांनी आणखी एक शेंग फोडली आणि दाणे सुपात टाकले. मला वाटलं त्या शिव्या देतील, नाहीतर रडतील. त्यातलं एक जरी झालं असतं तरी मला काहीतरी करता आलं असतं.

"नंदूला सांगितलंस?"

"त्यांना आधीच कळलंय."

"त्याला कळलंय. गावाला नाही. त्याच्या दुकानासमोर चार माणसं असतील तेव्हा सांग. एकटा असताना नको." त्यांनी सूप पाखडलं. "माईकवर बोलतीस की तू."

बुधवारी बाजार असतो, तेव्हा चौक भरलेला असतो. बाळू बाबर दुकानासमोरच्या चहाच्या गाड्यावर उभे होते. मी पायरीवर चढले. मी म्हणाले, "काकींचे कण नंदूकाकांनी पाठवलेले नाहीत. मी पाठवले, आणि त्यांनी नको म्हटलेल्या जाळ्यानं पाठवले." दोनच वाक्यं. ती बोलताना आवाज सातवीतल्यासारखा झाला होता.

बाबर चहा फुंकत म्हणाले, "एवढी हुशार पोरगी, आणि असं कसं गं केलंस?"

"तिनं पाठवलं," नंदूकाका दुकानातून म्हणाले. "फोन मोंबासाला तुम्ही लावला, बाळासाहेब."

बाबरांनी कप ठेवला आणि पैसे देऊन निघून गेले. मला बरं वाटायला पाहिजे होतं. पण काका माझ्या बाजूनं बोलले, त्यानं मला आणखीच मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी काकी पुन्हा आमच्या ओट्यावर आल्या. फोन पुढं केला. "हजार कण. त्याच पत्त्यावर."

मी चटकन बोळ उघडला.

"ते नको," काकी म्हणाल्या. "हमरस्त्यानं."

"काकी, सगळ्यांना दिसेल."

"दिसू दे. दोन वर्षं लपवलं ते माझंच चुकलं असंल. त्यानं सोनं घेतलं असंल नाहीतर नसंल, मला काय करायचंय. त्याला श्वास घेता येत नाही, एवढं मला ठाऊक आहे."

मग मला जे सांगायचंच होतं ते सांगितलं. दादानं फोन टाकून दिला असेल आणि पत्ता पुन्हा उघडायचे चावीचे शब्द हरवले असतील, तर हे कण त्या पत्त्यावर कायमचे अडकतील. परत मागवता येत नाहीत. तो कधी उघडेल का, ते कुणालाच कळणार नाही.

"पोचतील की नाही?"

"पत्त्यावर पोचतील. दादापर्यंत पोचतील का ते माहीत नाही."

"मग पाठव," त्या म्हणाल्या, आणि स्वतःच अंगठा टेकवला.

हिरवी खूण आली. फलकावर काकींच्या नावाखाली दुसरी नोंद उजळली. त्या संध्याकाळी कुणी हसलं नाही, पण येणारा जाणारा थांबून बघत होता. आधीचे कण दादानं फोन बंद होण्याआधीच उचलले होते; हे हजार तेवढे त्या पत्त्यावर पडून होते, आणि ते तसेच पडून आहेत हे अख्ख्या गावाला दिसत होतं.

चौथ्या दिवशी सकाळी शाळेला निघाले तर दूध डेअरीच्या पायरीवर हणमंतआबा बसले होते. कायमचे घरी आल्यापासून ते माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते. या प्रकारानंतर तर मी त्यांना बघितलं की रस्ता बदलायचे.

"निकमाची ना तू?"

"हो आबा."

ते डेअरीच्या कॅनकडे बघत म्हणाले, "हिनं पाठवलेलं हाय का तिथंच?"

मी फोन काढून बघितलं. "तिथंच आहे."

"म्हंजे त्यानं बघितलं न्हाई."

"बघितलं का ते कळत नाही, आबा. उचललं तरच कळतं."

"बरं," ते म्हणाले. मग विचारलं, "शाळा कितीला असती?"

"साडेदहाला."

"मग दहाला जात जा हिकडनं."

मी रोज दहाला जायला लागले. आबा रोज पायरीवर असायचे. फलक त्यांच्या घरापासून शंभर पावलांवर आहे, पण त्यासमोर उभं राहणं त्यांना जमणारं नव्हतं, म्हणून मी. रोज मी सांगायचे, तिथंच आहे, आणि रोज ते म्हणायचे, बरं. एकदाही त्यांनी मला बोल लावला नाही. मला वाटायचं, लावावा. मी प्रदर्शनाचं प्रशस्तिपत्र भिंतीवरून काढून कपाटात टाकलं, तर आई म्हणाली, त्यानं काय होणार आहे? खरंच काही झालं नाही.

तेविसाव्या दिवशी मी फोन उघडला आणि सवयीनं 'तिथंच आहे' म्हणायला तोंड उघडलं. आकडा नऊशे नव्व्याण्णव होता.

मी दोनदा बघितलं.

"आबा, एक कण हललाय."

"किती?"

"एक. पहाटे पाच वाजता."

"एकच? एका कणात काय येतंय?"

"काही येत नाही," मी म्हणाले. "तो काकींच्या पत्त्यावर परत आलाय. हमरस्त्यानं."

आबांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. एक मिलिग्रॅम सोनं. ज्या काट्यावर त्यांनी तीस वर्षं काढली, त्यावर ते जेमतेम दिसतं. डेअरीतला माणूस कॅन उचलून आत घेऊन गेला.

मला इतका आनंद झाला होता की ओरडावंसं वाटत होतं, आणि त्या आनंदाचीच मला लाज वाटली. दादाचं काम गेलं ते गेलंच होतं. त्याची छाती तशीच होती. तो कुठं आहे ते अजून कुणाला माहीत नव्हतं, आणि ही वेळ त्याच्यावर मी आणली होती.

आबांनी बंडीच्या खिशातून स्वतःचा फोन काढला. "मला पाठवता येईल का? माझ्या नावानं?"

"येईल की."

मी अॅप उघडून दिलं, दादाचा पत्ता घातला. पडद्यावर दोन चौकोन आले.

"कुठलं दाबू?" आबांनी विचारलं.

मला उत्तर येत होतं. त्या क्षणी तर मला ते फारच येत होतं. मी म्हणाले, "डावीकडच्यानं पाठवलं तर सगळ्या गावाला दिसेल. उजवीकडच्यानं पाठवलं तर फक्त तुम्हाला आणि दादाला. खर्चाचं बघू नका. तुम्हीच ठरवा."

आबांनी चष्मा पुसला. फोन तोंडाजवळ धरला, लांब धरला. त्यांचं बोट काचेवर आलं आणि तिथंच थांबून राहिलं.

मी पाठ फिरवली आणि चालायला लागले. शाळेला जाणारी सरळ वाट सभामंडपावरून जाते. त्या दिवशी मी ती सोडली आणि डेअरीच्या मागनं, उसाच्या बांधावरून गेले. बुटांना चिखल लागला, पहिली हजेरी चुकली. फलकावर काय आलं, काही आलं की नाही, ते मी अजून बघितलेलं नाही.